अलकनंदा : एक अतिदूरची सर्पिल दीर्घिका

आपल्याच जुन्नर तालुक्यांत खोडद येथें आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्या चालविणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन व योगेश वाडदेकर या संशोधकांनीं इ. स. २०२५ मध्यें एका अतिदूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच एका विशाल तारकासमूहाचा, शोध प्रसिद्ध केला. हिंदींत आकाशगंगेस मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयांत मंदाकिनी नदी अलकनंदेस येऊन मिळते. म्हणून या दीर्घिकेचें नांव त्यांनीं अलकनंदा ठेविलें. मात्र हा शोध खोडदच्या थाळ्यांनीं लाविला असें कोणीं समजूं नये. त्या रेडिओलहरी टिपतात. अलकनंदेचीं चित्रें पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटर दूर असलेल्या जेम्स वेब दुर्बिणीनें घेतलीं.

तिचा प्रकाश निघाल्यास सुमारें १२०० कोटी वर्षें झालीं. हें कशावरून, असें चौकस विद्यार्थी विचारील. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें वाटेंत प्रकाशाची लहर ताणली जाते. अलकनंदेकडील लहर येथें येईपर्यंत सुमारें पांचपट लांब झाली. निघतांना जो प्रकाश निळा होता तो तांबड्याच्याही पलीकडे जाऊन आपल्या डोळ्यांस अदृश्य झाला. तोच प्रकाश वेब दुर्बीण टिपते. निरनिराळ्या २१ गाळण्यांतून तो मोजून हें अंतर ठरविलें. शिवाय वाटेंत ॲबेल २७४४ हा दीर्घिकांचा पुंज आहे. त्याचें गुरुत्वाकर्षण बहिर्गोल भिंगाप्रमाणें काम करून अलकनंदेचें तेज सुमारें दुप्पट करतें.

तिचा व्यास सुमारें ३०,००० प्रकाशवर्षें आहे, आणि दरवर्षीं सुमारें ६० सूर्यांइतक्या द्रव्याचे नवे तारे तींत जन्मत होते. आकडे मोठे खरे. पण आम्हांस विशेष नवल वाटतें तें तिच्या आकाराचें. मध्यभागाभोंवतीं वळलेल्या दोन रेखीव भुजा तींत स्पष्ट दिसतात. अशा भुजांना शांत व सुव्यवस्थित फिरणारी चकती लागते, व ती स्थिरावण्यास फार काळ जातो, अशी समजूत होती. येथें तर विश्वाचें वय अवघें १५० कोटी वर्षें होतें! आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागीं ताऱ्यांचा लांबट दंड आहे. तसा दंड असलेली, विश्व सुमारें २१० कोटी वर्षांचें असतांनाची एक दीर्घिकाही इ. स. २०२३ मध्यें याच दुर्बिणीच्या साहाय्यानें आढळली होती.

या भुजा थंड वायु हळूहळू येऊन मिळाल्यानें झाल्या, कीं एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीनें? त्याचा उलगडा करण्यासाठीं चकतीचें फिरणें कितपत शांत व सुव्यवस्थित आहे तें पुढें मोजावें, असें संशोधकांनीं सुचविलें आहे.