फौजीच्या घरचे कागद

मतदानाची शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण खेड-मंडणगडकडच्या एखाद्या केंद्रावर वडील आपलं मत देऊन झाल्यावर आणखी एक मत देतात आणि त्या वेळी शाई मधल्या बोटाला लागते, तेव्हा रांगेतले लोक चमकून बघतात. ते दुसरं मत त्यांच्या फौजेतल्या मुलाचं असतं. सैन्यदलातल्या मतदाराला आपल्या गावातला विश्वासू माणूस प्रतिनिधी म्हणून नेमता येईल, अशी सोय कायद्यात २००३ साली झाली. मुलगा आपल्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर फॉर्मवर सही करतो, तो फॉर्म गावी येतो, वडील नोटरीसमोर सही करतात आणि निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा करतात. २०१६ पासून मतपत्रिका संगणकावरून थेट युनिटपर्यंत पाठवण्याची सोयही आहे, पण हा जुना रस्ता अजून खुला आहे.

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या जवानासाठी केलेल्या बहुतेक सोयींची घडण अशीच आहे. तरतूद असते आणि चांगली असते. पण ती तिथून इथपर्यंत येते ती कागदावरून. आणि कागदामागे धावणारा घरचा कर्ता माणूस नेमका सीमेवर असतो.

रत्नागिरी जिल्ह्याला हे दूरपण नवीन नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला लष्करी तळ वसवला आणि त्या गावाला ‘कॅम्प दापोली’ हे नाव चिकटलं. पेन्शनीत निघालेले सुभेदार-हवालदार पुढे तिथेच घरं करून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला आणि निवृत्तीनंतर रामजींनी कुटुंब आणलं ते दापोलीलाच. पहिल्या महायुद्धात कोकणातले आणि घाटावरचे गडी मेसोपोटेमियात गेले. २९ एप्रिल १९१६ला कुत-अल-अमारा पडलं, तेव्हा वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. जगले-वाचले ते तुर्कांच्या कैदेत गेले. इकडे घरी माणूस जिवंत आहे की नाही, हे कळायला महिनेच्या महिने लागत.

त्या युद्धाने सरकारला एक गोष्ट शिकवली. मागे राहिलेल्या घराची घडी विसकटली, तर पुढच्या भरतीला माणूस उभा राहत नाही. १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं, तेच आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड. जिल्ह्याच्या पातळीवर त्याचं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बघतं. कार्यालय चालवतो सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी, आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात खुद्द जिल्हाधिकारी. रत्नागिरीत या दुसऱ्या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण इथल्या जवानाच्या डोक्याला सगळ्यात मोठा घोर असतो तो जमिनीचा.

कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. दहा गुंठे वरकस जमिनीवर वीस-पंचवीस नावं. निम्मी माणसं मुंबईला, दोन-चार वारलेली आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. कुणी बांध सरकवला, कुणी परस्पर आंब्याची कलमं लावली, कुणी वाटपाचा दावा लावला. गावात असलेला भाऊबंद तारखेला हजर राहतो. लडाखमधला शिपाई चिपळूणच्या कोर्टात उभा राहणार कसा?

याला उत्तर आहे आणि ते शंभर वर्षं जुनं आहे. ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट’ १९२५ साली झाला आणि तो आजही लागू आहे. जवान युद्धस्थितीत, परदेशात किंवा कायद्याने ठरवलेल्या विशेष परिस्थितीत सेवेत असेल आणि त्याच्यावर दावा चालू असेल, तर जिल्हाधिकारी स्वतःहून न्यायालयाला तसं कळवू शकतात. न्यायालय लष्करी अधिकाऱ्यांकडून खात्री करून घेतं, दाखला आला की कामकाज पुढे ढकलतं. त्याच्या अपरोक्ष हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याचा मार्गही कायद्यात आहे. अशा सेवेतला काळ मुदतीच्या कायद्यात सहसा मोजत नाहीत, त्यामुळे दावा लावायला उशीर झाला म्हणून जवानाचा हक्क बुडत नाही. एवढं भक्कम कवच असताना ते वापरात किती कमी येतं, याचं वाईट वाटतं. कारण साधं आहे. आपला अशील फौजेत आहे आणि सध्या अमुक परिस्थितीत आहे, हे न्यायालयापुढे कुणीतरी मांडावं लागतं. घरच्यांना कायदा माहीत नसतो, वकिलाला मुलगा कुठे आहे ते माहीत नसतं.

कूळकायद्यातही फौजीचा विचार केलेला आहे. खोती गेली, कुळांना जमीन खरेदीचा हक्क मिळाला. पण कूळच सैन्यात असेल तर? कायद्याच्या ३२ एफ कलमाने अशा कुळाचा खरेदीचा हक्क राखून ठेवला आणि सेवेतून बाहेर पडल्यापासून एक वर्षाच्या आत तो बजावण्याची मुभा दिली. खोत-कुळांच्या या जिल्ह्यात त्या एका कलमाचं मोल मोठं आहे.

जमिनीखालोखाल त्रास देते ती नावातली तफावत. जवानाचं लग्न झालं की त्याची नोंद युनिटमार्फत ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये व्हावी लागते. मूल जन्मलं, त्याचीही नोंद. आई-वडील आपल्यावर अवलंबून आहेत, तर त्यांचीही. वैद्यकीय सोय, विमा, फॅमिली पेन्शन, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता, हे सगळं या नोंदींवर उभं असतं. आता आपल्याकडची रीत बघा. माहेरची सुनीता लग्नात सायली होते, आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं आणि युनिटला कळवलं ते चौथं. नवरा नोकरीत आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. अडतं ते नको त्या वेळी, जेव्हा त्या बाईच्या अंगात ऑफिसच्या पायऱ्या चढण्याचंही त्राण नसतं. मग राजपत्रातला बदल, प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार असं चक्र सुरू होतं. सुट्टीवर आलेल्या फौजीने पहिल्याच आठवड्यात आपल्या पत्नीचे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षरान् अक्षर ताडून बघावं. या कामाला तासभर पुरतो.

पैशाच्या बाजूला परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहे. फील्ड पोस्टिंगला वेगळा भत्ता मिळतो. सियाचेनसाठी सातव्या वेतन आयोगानंतर जवानाचा मासिक भत्ता १४ हजारांवरून ३० हजार रुपये झाला. युनिट फील्डला गेलं की कुटुंब बरोबर नेता येत नाही, म्हणून काही लष्करी ठाण्यांवर अशा कुटुंबांसाठी खास क्वार्टर असतात. केंद्रीय विद्यालयात बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं आणि रत्नागिरीत केंद्रीय विद्यालय आहे.

पण क्वार्टरची सोय रत्नागिरीकराला परक्या गावी घेऊन जाते. जिल्ह्यात तटरक्षक दल आहे, लष्कराची छावणी नाही. दापोलीचा कॅम्प आता नावापुरता. कमांड हॉस्पिटल पुण्याला, मिलिटरी हॉस्पिटल बेळगावला. म्हणजे एक तर घाट चढून परक्या वस्तीत बिऱ्हाड करायचं, नाहीतर सासू-सासरे, भातशेती आणि गुरं सांभाळत गावी राहायचं. मुलं शाळेच्या वयाची झाली की अनेक जणी मधला मार्ग काढतात. चिपळूण नाहीतर खेडमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतात आणि शनिवार-रविवार गावच्या घरी जातात. या बाईच्या कामाला कुठल्याच भत्त्याचं नाव नाही. जवान निर्धास्त उभा राहतो तो तिच्या जिवावर, हे लिहिताना जराही अतिशयोक्ती होत नाही.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा मदतीला एनडीआरएफबरोबर लष्कर, नौदल आणि तटरक्षक दलाची पथकंही आली होती. दूरच्या चौकीवर असलेल्या चिपळूणकर जवानाला मात्र फोन लागेपर्यंत वाट बघण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. फोनची गोष्ट निघालीच आहे तर, २०१७च्या दिवाळीच्या तोंडावर केंद्राने जवानांच्या सॅटेलाइट फोनचा दर मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपयावर आणला. आकडा छोटा आहे, पण बर्फातल्या चौकीवरून घरी बोलताना घड्याळाकडे बघावं लागणं काय असतं, ते त्या घरांना विचारा.

सुट्टीचा हिशोब वेगळा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. कोकणी माणूस ती गणपती, शिमगा आणि भातलावणी यांत वाटून बसवू पाहतो, आणि युनिटची गरज त्यात दरवर्षी काहीतरी कापते. कोकण रेल्वेमुळे प्रवासाचा जाच बराच कमी झाला. दिल्लीहून येणारी मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला थांबते. पूर्वी मुंबईला उतरून एसटी नाहीतर बोट धरावी लागे.

२०२२ पासून आलेल्या अग्निवीराला मात्र वर्षाला ३०च दिवस रजा आहे. पहिल्या वर्षी महिना ३० हजार ठरलेले, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, हातात येतात २१ हजार. विमा ४८ लाखांचा. भरतीच्या वेळी तो अविवाहित असावा लागतो, त्यामुळे कागदावर वारस बहुधा आई-वडील. ज्या आईचं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं आहे, तिच्यासाठी ही गोष्ट तातडीची आहे. रजा तिसावर आल्यावर तहसील आणि बँकेच्या खेपांना वेळ उरतो किती? चार वर्षांच्या नोकरीलाही घराच्या अडचणी पूर्ण वाढाच्याच असतात, तेव्हा रजेचा हा आकडा वाढायला हवा.

अलीकडची एक चांगली बातमी म्हणजे २६ जुलै २०२५ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच कायदेविषयक मदत केंद्रं उघडायची आणि दूर असलेल्या जवानाच्या घरच्यांना जमिनीच्या, कौटुंबिक किंवा पैशाच्या वादात मोफत सल्ला नि वकील द्यायचा, अशी ती योजना आहे. १९२५च्या कायद्याला जो हरवलेला दुवा हवा होता, तो हाच. जिल्हा कार्यालयात जाताना जवानाच्या ओळखपत्राची प्रत, युनिटचा पत्ता, ताजा सातबारा आणि कोर्टाची नोटीस आली असेल तर ती पाकिटासकट बरोबर न्यावी. नोटीस कधी मिळाली, हे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून सिद्ध करता येतं. आणि युनिटमध्ये कळवून ठेवावं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं पत्रही जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचेल.