भातातले तुडतुडे आणि ऑक्टोबरची ऊब
– ऊस विकास अधिकारी

उसाच्या माणसाने भातावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण राधानगरी-पन्हाळ्याकडे पुष्कळांचे वरचे रान उसाला आणि खालची खाचरे भाताला असतात. ऊस कारखान्याला, पण वर्षाचा तांदूळ घरचा.

2017 साली दसऱ्यानंतर मी एका सभासदाकडे उसाची नोंद घ्यायला गेलो होतो. त्यांनी भातात तपकिरी तुडतुडे दाखवले. बांधावर ऊन मी म्हणत होतं. मी बोलून गेलो, "काका, चार दिवस असं ऊन पडू द्या, आपोआप जातील." पंधरा दिवसांनी पाहतो तो खाचराच्या मधोमध भात भाजल्यासारखे करपून बसलेले! काका काही बोलले नाहीत, चहा मात्र दिला. ती रुखरुख अजून आहे.

उन्हाने तुडतुडे कमी होतात हे खोटे नाही. ही कीड 25 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये जोमाने वाढते. मादी पानाच्या आवरणात दोनशे-तीनशे अंडी घालते. 20 अंशाला ती फुटायला दोन आठवडे लागतात, तर 28 अंशाला आठच दिवस. म्हणजे पिढी लवकर पुरी होते आणि त्याच हंगामात आणखी एक पिढी बसते. 33-34 अंशांच्या वर मात्र अंडी कमी उबतात. त्यातही गंमत अशी की, तुडतुड्याच्या पोटात यीस्टसारखे सूक्ष्म जीव असतात. ते मादीकडून अंड्यात उतरतात, आणि त्यांच्याशिवाय पिल्लू नीट तयार होत नाही. 35 अंशांची उष्णता टिकली तर हे जीवच घटतात.

मग काकांच्या शेतात चुकले कुठे? मी ऊन बांधावर मोजले. तुडतुडा राहतो चुडाच्या बुडाला, पाण्यालगत. दाट लावणीत वर ऊन तापले तरी खाली सावली, ओल आणि नेमकी त्याला मानवणारी ऊब असते. त्यात उसाचा उरलेला युरिया आपण भाताला टाकतो (नाही म्हणू नका, पोती मी पाहिली आहेत!), मग पीक आणखी दाटते आणि लुसलुशीत होते.

तेव्हा बांधावरून अंदाज करू नका. आत उतरून चूड वाकवा, बुडाशी मोजा. चुडाला पाच-दहा तुडतुडे दिसले की पाणी तीन-चार दिवस काढून टाका. फवारणी लागलीच तर कृषी सहायकाला विचारून, बुडाशी करा. सिंथेटिक पायरेथ्रॉईड मारू नका. त्याने कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात.

खरा इलाज लावणीतच आहे. दर दोन-तीन मीटरला फूटभर पट्टा मोकळा सोडावा, म्हणजे वारा-ऊन बुडापर्यंत पोचते. काकांनी 2018 ला तसे पट्टे सोडले आणि दसऱ्याला मला मुद्दाम बोलावून चूड मोजायला लावले. कुठे दोन, कुठे तीन निघाले. त्या दिवशी चहाबरोबर पोहेही होते.