भीमेच्या पुलावरची हद्द

तळेगाव ढमढेरेचा माणूस पुण्याला निघाला की शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा करत भीमेच्या पुलावर येतो. पुलापलीकडे पेरणे लागतं आणि तिथे पोलीस बदलतात. अलीकडचं शिक्रापूर ठाणं पुणे ग्रामीणचं, पलीकडचं लोणीकंद शहर आयुक्तालयाचं. २०२१पर्यंत दोन्ही काठ ग्रामीणकडेच होते. त्याआधी १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा चाकण, आळंदी आणि तळेगाव दाभाडे ग्रामीणमधून गेलं. तोवर दोन्ही तळेगावं एकाच अधीक्षकांकडे होती.

गावाकडून वर जायचं तर आधी बीट अंमलदार, मग शिक्रापूर ठाणं, त्यावर शिरूरचे उपविभागीय पोलीस अधिकारी, म्हणजे लोकांचे डीवायएसपी, आणि त्यावर अधीक्षक. अधीक्षकांचं कार्यालय पुण्यात पाषाण रस्त्याला, म्हणजे शहर पोलिसांच्या हद्दीत. त्यांचे वरिष्ठ, विशेष पोलीस महानिरीक्षक, थेट कोल्हापुरात बसतात. सातारा, सांगली, सोलापूर ग्रामीण आणि कोल्हापूरही त्यांच्याकडेच. शेजारच्या दौंडला आणखी एक पदर आहे: गावात ग्रामीणचं ठाणं, स्थानकात लोहमार्ग पोलीस आणि शिवाय राज्य राखीव दलाचे दोन गट.

पण पुलावर फक्त ठाण्याची पाटी बदलत नाही. आयुक्तांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. जमावबंदी किंवा तडीपारीचा आदेश ते स्वतः काढतात. ग्रामीण भागात सहसा अधीक्षक प्रस्ताव पाठवतात आणि सही होते जिल्हाधिकाऱ्यांची किंवा प्रांतांची. १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात. स्तंभ शहराच्या हद्दीत, जवळचं वढू बुद्रुक ग्रामीणच्या. त्यामुळे गर्दी एक आणि बंदोबस्त दोघांचा. २०१८च्या त्या दिवशी हिंसाचार झाला तेव्हा दोन्ही काठ ग्रामीणकडे होते, तरी पिंपरीत दाखल झालेला गुन्हा शिक्रापूरकडे वर्ग करावा लागला.

माझं मत स्पष्ट आहे. आयुक्तालयं वाढवताना शहर कुठवर पसरलं एवढंच पाहिलं गेलं. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावचे कारखाने, भाड्याच्या खोल्यांतले परप्रांतीय कामगार, रात्रपाळीची वाहतूक हे सगळं शहरी काम ग्रामीणच्या ठाण्यांवर राहिलं. रांजणगावला औद्योगिक वसाहतीसाठी वेगळं ठाणं झालं, तसाच विचार महामार्गावरच्या बाकीच्या पट्ट्याचाही व्हायला हवा. मनुष्यबळ ठरवताना मतदारयादीतली डोकी मोजू नयेत, रोज येणारी-जाणारी माणसं मोजावीत.

लोकांना मात्र एकच वाक्य पाठ आहे: ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’ १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ते वाक्य दखलपात्र गुन्ह्यापुरतं बाद केलं. कुठल्याही ठाण्याने तक्रार घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग करायची. गावातला पहिला दुवा अजूनही पोलीस पाटीलच. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला हा माणूस पोलीस खात्याचा नोकर नाही, त्याची नेमणूक महसूल खातं करतं. पण अपघात झाला, विहिरीत कुणी पडलं, भावकीत कुऱ्हाडी निघाल्या, की ठाण्याला पहिली खबर त्याचीच जाते.