सातशे कोटींत एक

तळहात आभाळाकडे उताणा धरा. मिनिटभरात त्यातून म्युऑन नावाचे शंभराच्या आसपास कण आरपार जातात. चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक. अंतराळातून येणारे वैश्विक किरण सुमारे 15 किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणूंवर आदळतात आणि त्या धडकेतून हे कण निपजतात.

त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. सेकंदाचे एक कोटी भाग केले, तर त्यातले 22. तेवढ्यात प्रकाशही 660 मीटरच जातो. म्हणजे जमीन गाठायला जवळजवळ 23 आयुष्यं हवीत. दर आयुष्यागणिक 37 टक्केच कण उरतात, हे धरलं तर खाली सातशे कोटींत एखादाच पोहोचायला हवा. मग हे शंभर कुठून आले?

अमेरिकेत डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी याची चोख मोजदाद केली आणि 1963 साली प्रसिद्ध केली. न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनवर, 1907 मीटर उंचीवर, त्यांनी प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगाचे म्युऑन तेवढे निवडले. कण प्लास्टिकच्या ठोकळ्यात थांबला की एक लकाकी, त्याचं विघटन झालं की दुसरी. दोन्हींमधला अवधी म्हणजे थांबल्यानंतरचं त्याचं आयुष्य. शिखरावर तासाला 563 कण मिळाले. समुद्रसपाटीपर्यंतचा प्रवास 6.4 मायक्रोसेकंदांचा, तिथे सुमारे 30 उरायला हवे होते. मोजले तर 408!

आपल्या घड्याळाच्या 6.4 मायक्रोसेकंदांत म्युऑनचं घड्याळ जेमतेम 0.7 मायक्रोसेकंद पुढे सरकलं होतं. पुढे सर्न या प्रयोगशाळेच्या वर्तुळाकार यंत्रात म्युऑन आणखी वेगाने फिरवले, तेव्हा त्यांचं आयुष्य 64 मायक्रोसेकंदांवर गेलं, म्हणजे 29 पट.

आता म्युऑनच्या बाजूने पाहा. त्याच्या लेखी तो स्थिर आहे, पर्वतच त्याच्या अंगावर धावून येतोय. त्याचं आयुष्य वाढलेलं नाही, 2.2 मायक्रोसेकंदच आहे. उलट 1907 मीटरची उंची आकसून सुमारे 220 मीटरची झालीय, आणि तेवढं अंतर 0.7 मायक्रोसेकंदांत सहज सरतं.

खरं घड्याळ कुणाचं? दोघांचंही. आइन्स्टाइनने 1905 साली मांडलेल्या विशेष सापेक्षतेचं मर्म हेच आहे: काळ आणि अंतर ज्याच्या-त्याच्या संदर्भचौकटीचे असतात. त्यांवर दोन चौकटींचं एकमत होत नाही. पण समुद्रसपाटीला किती कण पोहोचले, याचं उत्तर दोन्हींकडून एकच येतं: 408.