प्रवाळाचं बेणं

आगाशीच्या वाडीत पानवेल कोणी बी पेरून लावत नाही. जुन्या वेलाचं बेणं कापायचं, रोवायचं आणि मूळ धरेपर्यंत सावली-पाणी सांभाळायचं. दगडी प्रवाळाची लागवड याच जातीची, फरक इतकाच की इथे कापायचं ते झाड नव्हे, प्राणी आहे.

प्रवाळाचा एक गोटा किंवा फांदी म्हणजे पॉलिप नावाच्या शेकडो-हजारो इवल्या जिवांची वसाहत. वरची पातळ त्वचा सगळ्यांना जोडते, खाली चुनखडीचा सांगाडा. पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर साखर बनवतं आणि यजमानाला पोसतं. फांदी तुटली तरी त्यावरचे पॉलिप जिवंतच असतात. समुद्रात वादळाने मोडलेल्या अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या खडकात अडकून पुन्हा वाढतात. माणसाने हा निसर्गाचाच मार्ग उचलला. 1980च्या दशकात बर्लिनच्या डिट्रिश स्ट्यूबर यांनी घरच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा वाढवून तिचे तुकडे हौशी लोकांना वाटले. त्या वाणाला त्यांचंच नाव पडलं.

कापण्याचं काम थोडक्यात आटोपतं. फांदीच्या जातीला हाडं कापायची कातर पुरते. गोट्याच्या जातीला हिऱ्याच्या धारेची, पाण्याने ओली राहणारी करवत लागते. तुकडा आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा आणि सायनोअ‍ॅक्रिलेटच्या घट्ट गोंदाने सिरॅमिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचा. हा गोंद ओलाव्यातच घट्ट होतो, ही मोठी सोय. त्वचा ठोकळ्यावर पसरू लागली की बेणं लागलं.

खरी परीक्षा पाण्याची. तापमान 25-26 अंश, क्षारता हजारी 35, कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, आणि यातलं काहीच फार हलायचं नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून कळशी भरून आणावी म्हटलं तर ते पाणी वैतरणेच्या गाळाने गढूळ. पावसाळ्यात त्याचं मीठही उतरतं. वैशाखात दुपारभर वीज गेली तर टाकी तापून सगळी वसाहत पांढरी पडते. माझ्या मते ज्याला विजेचा भरवसा नाही त्याने या नादाला लागूच नये.

आणि लागू म्हटलं तरी कायदा आडवा येतो. 2001पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शिक्षा 3 ते 7 वर्षांची. बाजारात कोणी ‘टाकीत वाढवलेला’ म्हणून तुकडा पुढे केला तरी हात मागेच ठेवावा. तेव्हा परदेशात जी कातर दिवाणखान्यात चालते, ती आपल्याकडे संशोधकांच्या हातात आणि समुद्रातच दिसते.

मालवण हे त्याचं आपल्या राज्यातलं ठिकाण. 1987मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालेल्या या पाण्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून प्रवाळाचे तुकडे लावण्याचा प्रयोग झाला. मार्गदर्शन तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेचं. मन्नारच्या आखातात ती 2002पासून हेच करते आहे. सिमेंटच्या लाद्यांना तुकडे बांधायचे आणि त्या लाद्या तळाशी काँक्रीटच्या चौकटींवर ठेवायच्या, अशी तिची पद्धत. गोंद-ठोकळ्यांची नाजूक कारागिरी तिथल्या लाटांपुढे टिकायची नाही.

वेळ मात्र फार जातो. फांदीची अ‍ॅक्रोपोरा वर्षाला दहा सेंटिमीटर वाढली तर पोराइटिसचा गोटा जेमतेम एक. फ्लोरिडाच्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून एक प्रवाळ अपघाताने फुटला आणि त्याचे चिमुकले तुकडे नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने पसरताना दिसले. त्यातून सेंटिमीटरभर तुकडे शेजारी-शेजारी चिकटवण्याची रीत निघाली. एकाच वसाहतीचे असल्याने ते एकमेकांना परके मानत नाहीत, सरळ जुळून जातात.

त्यातच एक खोच आहे. सगळे तुकडे एकाच वाणाचे, तेव्हा पाणी तापलं तर सगळेच एकदम पांढरे पडणार. 2015च्या डिसेंबरात मालवणचे प्रवाळ असेच पांढरे पडले होते. म्हणून उष्णतेच्या तडाख्यातून तगलेल्या वसाहतींचं बेणं घ्यावं आणि ते एकाच नव्हे, अनेक वसाहतींचं घ्यावं, असा आता अनुभवी लोकांचा आग्रह असतो.