पऱ्हाटीचाही बोर्ड होतो, पण धागा सांभाळला तर!

मुंबई : राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. आता गणपतीच्या दिवसांत दादर, लालबागच्या बाजारात एमडीएफ बोर्डाचे कापीव मखर सर्रास दिसतात. जाडी सारखी असली तरी एका बोर्डाची कड गुळगुळीत असते, तर दुसऱ्याची कुसळं निघतात. पाणी लागलं की एखादा लगेच फुगतो. याचं एक मोठं कारण म्हणजे कारखान्यातलं रिफायनर हे यंत्र.

रिफायनर म्हणजे काय?

आपल्या पिठाच्या चक्कीत दोन दगड असतात, तशा यात खाचा पाडलेल्या दोन पोलादी तबकड्या असतात. लाकडाचे तुकडे आधी धुऊन दाबाच्या वाफेत साधारण १६० ते १८० अंशांवर शिजवतात. लाकडाचे धागे धरून ठेवणारा लिग्निन हा डिंक त्यामुळे मऊ पडतो. मग तुकडे तबकड्यांमधून गेले की धागे सुटे होतात. पुढे त्यात राळ मिसळून, वाळवून, गरम दाबाखाली बोर्ड तयार होतो.

धागा बिघडतो कसा?

वाफ कमी पडली तर धागा सुटण्याऐवजी तुटतो. तबकड्यांतलं अंतर जास्त झालं तर जाड कुसळं राहतात आणि बोर्ड खरबरीत होतो. अंतर फारच कमी केलं तर भुकटी होते. ती राळ जास्त पिते, वर बोर्डाची ताकदही घटते. दगडाला टाकी लावायची राहिली की पीठ भरड येतं, तसंच झिजलेल्या तबकड्यांचं. वीजही जास्त जाते.

शेतकऱ्याचा काय संबंध?

दादरच्या शेजारी माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे ‘सिरकॉट’ आहे. १९२४ साली प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने कपाशीच्या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं. पार्टिकल बोर्डात धागा सुटा करत नाहीत, बारीक तुकडेच राळेने चिकटवतात. पण माल स्वच्छ हवा, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

म्हणून पऱ्हाटी विकायची असेल तर एवढं पाहा :

- मुळांची माती झटका. माती-वाळूने यंत्राची पाती आणि तबकड्या झिजतात.
- उरलेली बोंडं आणि कापूस काढून टाका. कापूस यंत्रात गुंततो.
- पऱ्हाटी वाळलेली द्या. ओली गंजी कुजते आणि धागा कमजोर होतो.
- बांधावर ढीग लावून ठेवू नका. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते.

जाळली तर पऱ्हाटीची राख होते. स्वच्छ, कोरडी ठेवली आणि जवळपास घेणारा असला, तर तिचेही चार पैसे होतात.