हॅन्ड ड्रायर, टिश्यू पेपर की खिशातला रुमाल? हात कोरडे करायची कोणती पद्धत चांगली, समजून घ्या सोप्या भाषेत

धुळे-जळगाव हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात मस्त शेवभाजी हाणली. तर्रीने लाल झालेले हात बेसिनवर साबणाने धुतले. आता काउंटरवर यूपीआयने पैसे द्यायचेत आणि हात ओले आहेत. समोर भिंतीवर हॅन्ड ड्रायर आहे, बाजूला टिश्यूचा डबा आहे, खिळ्याला हॉटेलचा टॉवेल लटकतोय आणि खिशात स्वतःचा रुमाल आहे. तुम्ही काय वापराल?

बरेच जण यातलं काहीच वापरत नाहीत. हात जीन्सला पुसायचे आणि लगेच फोन काढायचा, विषय संपला. पण खरा घोळ इथेच होतो. हात धुण्यात घालवलेली वीस सेकंदं या शेवटच्या दोन सेकंदांत वाया जाऊ शकतात. ते कसं, ड्रायर आतून कसा चालतो, आणि आपल्या खानदेशच्या हवेत कोणती पद्धत कधी कामाची, हे आज पाहूया.

ओल्या हातांनी नेमकं काय बिघडतं?

जंतूंना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला पाणी फार सोयीचं पडतं. कोरड्या बोटाने दाराची कडी धरली तर तिच्यावरचं थोडंच बोटाला लागतं. तीच कडी ओल्या बोटाने धरली तर बरंच काही चिकटतं, आणि बोटावरचंही कडीवर जातं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवलं. धुतलेले हात नीट कोरडे केले, तर स्पर्शातून दुसऱ्या त्वचेवर जाणारे जंतू ओल्या हातांच्या मानाने ९९ टक्क्यांहून जास्त कमी होतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे हात धुण्याचं काम नळ बंद केल्यावर संपत नाही, हात कोरडे झाल्यावर संपतं.

आता फोनचं बघू. वॉशरूममधून निघाल्यावर आपण सगळ्यात आधी हात लावतो तो फोनला. फोन दिवसभर दुकानाच्या काउंटरवर, एसटीच्या सीटवर, मित्रांच्या हातात फिरलेला असतो. ओल्या हाताने तो धरला की त्याच्यावरचा सगळा कारभार परत बोटांवर येतो.

शिवाय फोनही नीट चालत नाही. टचस्क्रीन बोटाची विद्युत धारकता ओळखून चालतो. काचेवरचा पाण्याचा थेंबही त्या मोजमापात गडबड करतो, म्हणून भलतीकडेच टच लागतो. फिंगरप्रिंट सेन्सर बोटावरच्या उंच रेषा आणि त्यांच्यामधल्या खाचा यातला फरक वाचतो. खाचांत पाणी भरलं की फरक पुसट होतो आणि फोन उघडत नाही. काउंटरवर मागे रांग लागलेली असताना हे झालं की काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे!

हात खाली धरला की ड्रायरला कळतं कसं?

यात जादू काही नाही. ड्रायरच्या खालच्या बाजूला एक छोटा एलईडी असतो, तो डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. हात समोर आला की प्रकाश हातावर आपटून परत येतो. शेजारचा सेन्सर तो पकडतो आणि मोटर सुरू होते. कॉलवर असताना फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते ना? बऱ्याच फोनमध्ये तिथेही हीच युक्ती असते. सेन्सरच्या काचेवर धूळ किंवा साबणाचे डाग बसले की ड्रायर हात ओळखत नाही आणि आपण त्याच्यापुढे हात हलवत बसतो.

ड्रायरचे मुख्य प्रकार दोन:

१. गरम हवेचा ड्रायर: आत पंखा आणि तापणारी तार असते. हवा गरम होते आणि हातावरच्या पाण्याची वाफ करते. अर्धा ते पाऊण मिनिट लागतं. अमेरिकेत १९४८ साली जॉर्ज क्लेमन्स यांनी वर्ल्ड ड्रायर ही कंपनी काढली, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला.

२. जेट ड्रायर: हा पाण्याची वाफ होण्याची वाट बघत नाही. अरुंद फटीतून प्रचंड वेगाने हवा सोडतो आणि पाणी हातावरून अक्षरशः खरवडून काढतो. जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकने १९९३ मध्ये असा ड्रायर बाजारात आणला. २००६ मध्ये आलेल्या डायसन एअरब्लेडमुळे तो सगळ्यांना माहीत झाला. त्यातल्या हवेचा वेग ताशी ६०० किलोमीटरहून जास्त असतो आणि काम दहा-बारा सेकंदांत उरकतं.

मे महिन्यात फुकटचा ड्रायर!

आता आपल्या भागाची गंमत बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, धुळ्यातही काही कमी ऊन नसतं. हवा गरम आणि एकदम कोरडी. अशा हवेत पाणी टिकतच नाही.

थोडा हिशेब करू. ४० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ५१ ग्रॅम वाफ धरू शकते. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी आर्द्रता १५ टक्के असेल, तर त्यातली जेमतेम ८ ग्रॅम जागा भरलेली असते. म्हणजे ४३ ग्रॅम जागा रिकामी! आता जुलैतला झडीचा दिवस घ्या. तापमान २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेची क्षमताच २६ ग्रॅमच्या आसपास, त्यातली २२ ग्रॅम आधीच भरलेली. जागा उरली फक्त ४ ग्रॅम. एकाच गावात दोन महिन्यांत दहा पटीचा फरक.

म्हणून मे महिन्यात हात झटकून मोकळ्या हवेत धरले तरी मिनिटभरात कोरडे होतात. जुलैत तेच केलं तर फोन काढेपर्यंत हात ओलेच.

मग पावसाळ्यात गरम हवेचा ड्रायर बिनकामाचा का? उलट आहे. तो तीच दमट हवा आत ओढतो, पण तापवतो. हवा ५० अंशांपर्यंत गेली की तिची वाफ धरायची क्षमता तिपटीहून जास्त होते. त्यामुळे ड्रायरचा खरा उपयोग पावसाळ्यात. जेट ड्रायरला तर ऋतूचा फारसा फरकच पडत नाही, कारण तो पाणी ढकलून काढतो.

टिश्यू, रुमाल आणि खिळ्यावरचा टॉवेल

टिश्यू पेपरचा मोठा फायदा म्हणजे तो पाणी शोषतो आणि घासताना हातावर उरलेले जंतूही काही प्रमाणात ओढून नेतो. हवेने हे दुसरं काम होत नाही. वर लाइट गेली तरी तो चालतो, आणि बाहेर पडताना त्याच कागदाने दाराची कडी धरता येते. अडचण एवढीच की आपल्याकडे बऱ्याच हॉटेलांत जेवणाच्या टेबलावरचा पातळ टिश्यूच बेसिनपाशी ठेवतात. तो ओल्या हाताला लागला की त्याचे तुकडे बोटांना चिकटतात. हात पुसायचा कागद जाडसर असतो, एक-दोन पुरतात.

रुमाल, म्हणजे काही घरांत अजूनही म्हणतात ती दस्ती, आपल्याकडची सगळ्यात जुनी सोय. रुमाल चांगलाच, पण दोन अटी आहेत. तो रोज धुतलेला हवा आणि कोरडा हवा. उन्हाळ्यात ओला रुमाल बाइकच्या आरशाला पाच मिनिटं बांधला तरी वाळतो. पावसाळ्यात तोच खिशात दिवसभर दमट राहतो, संध्याकाळी वास मारतो. तो वास जंतू वाढल्याचा असतो. आणि ज्या रुमालाने घाम, नाक, बाइकची सीट पुसली, त्यानेच हात पुसले तर धुतले कशाला?

राहिला खिळ्यावरचा टॉवेल. सकाळपासून पन्नास जणांनी पुसलेला, कायम ओला. यादीत हा सगळ्यात शेवटी. त्यापेक्षा हात झटकून बाहेर पडलेलं बरं.

संशोधन काय म्हणतं, आणि त्याचे पैसे कोणी दिले?

इंटरनेटवर ‘ड्रायर जंतू उडवतो’ असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यामागे खरे अभ्यास आहेत, पण ते नीट वाचायला हवेत.

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग केला. हातांना मुद्दाम निरुपद्रवी जंतू लावले, म्हणजे हात नीट न धुतल्यासारखी स्थिती केली. जेट ड्रायरजवळच्या हवेत टिश्यूच्या मानाने २७ पट आणि गरम हवेच्या ड्रायरच्या मानाने साडेचार पट जंतू सापडले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात ड्रायरच्या हवेखाली ३० सेकंद ठेवलेल्या बशांमध्ये १८ ते ६० वसाहती वाढल्या. ड्रायरला हेपा फिल्टर बसवल्यावर हे प्रमाण साधारण चौपट कमी झालं.

पण लीड्सच्या त्या अभ्यासाला पैसे दिले होते युरोपातल्या टिश्यू उत्पादकांच्या संघटनेने. दुसरीकडे, जेट ड्रायर पर्यावरणाला सगळ्यात कमी त्रास देतो असं सांगणारा अमेरिकेतल्या एमआयटीचा २०११ चा अहवाल डायसनने करून घेतला होता. म्हणजे तो अभ्यास खोटा, असं नाही. पण फोनचा रिव्ह्यू बघताना आपण ‘स्पॉन्सर्ड आहे का?’ हे बघतो ना, तसंच इथेही बघायचं.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट पक्की राहते. हात साबणाने नीट धुतले असतील तर उडायला जंतूच कमी उरतात. दवाखान्यासारख्या ठिकाणी टिश्यूच बरा. कॉलेज, मल्टिप्लेक्स, हॉटेल इथे ड्रायर वापरायला हरकत नाही, फक्त पूर्ण वेळ वापरा.

विजेचा खर्च किती?

१८०० वॉटचा गरम ड्रायर ३० सेकंद चालला तर १५ वॉट-अवर वीज जाते. ५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर मावतात. म्हणजे एकदा हात वाळवायला पाऊण फोन चार्ज होईल एवढी वीज! तरी दहा रुपये युनिट धरलं तर हे फक्त १५ पैसे होतात. १४०० वॉटचा जेट ड्रायर १२ सेकंदांत पाच पैशांच्या आत काम करतो. हॉटेलवाले टिश्यू सोडून ड्रायर का लावतात, याचं उत्तर यात आलं. कागद सतत विकत आणावा लागतो आणि कचराही उचलावा लागतो.

मग काय वापरायचं?

* हात बेसिनमध्येच दहा-बारा वेळा झटका. निम्मं काम इथेच होतं आणि फरशीही ओली होत नाही.
* जाड टिश्यू असेल तर पहिली पसंती त्याला. एकच घ्या, घडी घालून वापरा आणि कमोडमध्ये टाकू नका.
* उन्हाळ्यात धुतलेला रुमाल उत्तम. पावसाळ्यात दोन रुमाल ठेवा, नाहीतर ड्रायर वापरा.
* ड्रायर असेल तर दहा सेकंदांत पळ काढू नका. बोटांच्या मधली जागा कोरडी होईपर्यंत थांबा.
* जीन्स आणि सगळ्यांचा टॉवेल, दोन्ही बाद.
* हात कोरडे होईपर्यंत फोन खिशातच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ड्रायरच्या गरम हवेने जंतू मरतात का?
नाही. तेवढी उष्णता असेल तर हातच भाजेल. ड्रायरने कोरोनाचा विषाणू मरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं. जंतू काढायचं काम साबण आणि पाण्याचं.

भिजलेला फोन ड्रायरखाली धरला तर चालेल का?
अजिबात नको. गरम हवेने आतले डिंक आणि सील सैल होऊ शकतात, आणि जोराची हवा पाणी आणखी आत ढकलते. फोन पुसा, चार्जिंगचं तोंड खाली करून मोकळ्या हवेत ठेवा आणि कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नका.

लाइट गेली आणि ड्रायर बंद असेल तर?
हॉटेलचा छोटा इन्व्हर्टर एवढा लोड सहसा ओढत नाही. म्हणून एक रुमाल खिशात असलेला बरा.

तर मित्रांनो, ड्रायर की टिश्यू हे भांडण कंपन्यांना करू द्या. आपल्यासाठी प्रश्न सोपा आहे, फोन हातात घेताना हात कोरडा आहे का? माहिती आवडली असेल तर जीन्सला हात पुसणाऱ्या त्या एका मित्राला नक्की पाठवा!